सायलेन्सरचा पाइप आणि आक्काचं डोकं

आयटीआयमधल्या माझ्या वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला पाइपचा एक वीतभर तुकडा टांगलेला आहे. त्यावर चंदेरी रंग आहे आणि रंगाखाली वेल्डिंगचं एक बेढब टेंगूळ. नवीन पोरं आली की पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, हे कुणी केलं?" मी सांगतो, "एका गाढवानं." पोरं हसतात. ते गाढव कोण, हे आजवर एकालाही सांगितलेलं नाही. इथं सांगतो.

वेल्डिंग शिकवायला लागून मला वीस वर्षं झाली. दर वर्षी फळ्यावर तोच तक्ता काढतो. जाड लोखंड असेल तर आर्क, पातळ पत्र्याला गॅस नाहीतर सीओटू, स्टेनलेसला आर्गन. खाली मोठ्या अक्षरात लिहितो, 'आधी पत्रा बघा, मग मशीन निवडा.' जो हे विसरतो त्याची मी सगळ्या वर्गासमोर बिनपाण्यानं करतो. तापट म्हणून माझं नाव आहे आणि ते खोटं नाही. तर हाच तक्ता मी माझ्या घरच्या अंगणात मोडला, आणि त्यापायी माझी आक्का माझ्याच हातानं जाणार होती.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचे आईबाप निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायचे. ते सकाळी बाहेर पडले की मला सांभाळायला आक्का, खायला घालायला आक्का, शाळेला न्यायलाही तीच. माझ्यापायी तिची शाळा चौथीतच सुटली. पुढं ती बेळगावपासनं तासाभरावरच्या जांबोटीला दिली. दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, थोडी भातशेती आणि एक म्हैस. दोन वर्षांपूर्वी तिची किडनी गेली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, आणि एकही बारी चुकवायची नाही.

"आमच्यात बेळगावात येऊन ऱ्हा," म्हणून मी हातापाया पडलो. ती म्हणाली, "आणि म्हशीला कोण बघायचं? तुझा बाप?" बाप आमचा दोघांचा एकच होता आणि तो कधीच गेला होता, तरी तिनं असं म्हटलं की विषय संपायचा. एसटीचा भरवसा नाही आणि थांब्यापर्यंत चालायचं तिच्या पायात बळ नाही. मग सोमवार आणि गुरुवार माझी रजा ठरलेली. सकाळी आमची जुनी व्हॅन घेऊन जांबोटीला जायचं, तिला मागच्या सीटवर आडवी करायची, बेळगावात दवाखान्यात आणायची, चार तास बाहेर बसायचं आणि परत पोचवायचं.

आषाढात एका खड्ड्यात व्हॅन आपटली आणि सायलेन्सरच्या पाइपला चीर गेली. गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली. मेस्त्री म्हणाला, पाइप गंजलाय, नवा मागवतो, आठ दिवस लागतील. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक मामा आहेत, सत्तरी उलटलेली, जन्मभर गॅस वेल्डिंग केलेलं. दुधाच्या किटल्या, सायकलच्या फ्रेमा, असली कामं. ते शेडमधनंच ओरडले, "मास्तर, काढून आणा हिकडं, पितळ मारून देतो!"

मी हसलो. हो, हसलो, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "मामा, पितळ मारायचे दिवस गेले आता."

माझ्या घरी आर्कचं एक लहान मशीन आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची गेटं, ग्रिलं त्यावरच करून देतो. वेल्डिंगच्या मास्तरानं सायलेन्सरसाठी दुसऱ्याच्या दारात जायचं? लोक तोंडात शेण घालतील. रविवारी सकाळी व्हॅन अंगणात जॅकवर घेतली, बॅटरीची वायर सोडली, पेट्रोलच्या टाकीकडच्या बाजूला ओलं पोतं अडकवलं. एवढं सगळं नीट केलं. मग पाइप न काढताच गाडीखाली उताणा पडलो, बारा नंबरचा रॉड लावला आणि टेकवला.

भोक पडलं. ते बुजवायला गेलो तर शेजारी दुसरं. पत्रा गंजून पापडासारखा झालेला आणि मी त्यावर गेटाला मारायचा रॉड मारतोय. वर्गातल्या पोरानं असं केलं असतं तर त्याला मी उभं राहू दिलं नसतं. पण एकदा डोक्यात राख गेली की मला थांबता येत नाही. भोकावर भोक बुजवत शेवटी पाइपवर नुसतं टेंगूळ उभं केलं. आवाज कमी झाला. वरनं चंदेरी रंग मारला, म्हणजे बघायला नको.

बायकोनं दारातनं विचारलं, "झालं का?"

"झालं म्हणजे काय? कंपनीपेक्षा भारी."

दुसऱ्या दिवशी आक्काला गाडीत बसवतानाही मी हेच सांगितलं. कंपनीपेक्षा भारी. ती बिचारी कौतुकानं म्हणाली, "माझा भाऊ मास्तर हाय, उगंच न्हवं."

त्या दिवसापासनं आक्काचं डोकं दुखायला लागलं.

जांबोटीकडचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. आठ-आठ दिवस उघडीप नसते. मागच्या काचा वरपर्यंत लावलेल्या, आक्का मागं पांघरूण घेऊन आडवी. दवाखान्यात पोचेपर्यंत ती दोन्ही हातांनी कानशिलं धरून बसलेली असायची. परत पोचवली की उंबऱ्यातच ओकायची. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, डायलिसिसनंतर काहींना होतं असं. मी ते धरून बसलो. डायलिसिसनंतर, म्हणाले होते ते. आक्काचं डोकं तर मशीन लावायच्या आधीच दुखत असायचं. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसत नव्हतं.

उलट मीच तिच्यावर खेकसायचो. "आक्का, जरा सोस की! सगळ्यांचीच डोकी दुखत्यात." ती पांघरूण तोंडावर ओढून घ्यायची. ते बघून मला आणखी राग यायचा.

दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी तिला फारच त्रास झाला, म्हणून बायको मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. घरी आल्यावर बायको कपाळाला ओला पंचा लावून पडून राहिली. मी म्हटलं, वळणांचा रस्ता, गाडी लागली असेल.

रविवारी जेवायला बसलो आणि आक्काचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"उद्या येऊ नगंस. मी आता त्या मशीनला जाणार न्हाय."

"म्हणजे? उद्या बेळगाव बंद आहे म्हणून म्हणतेस काय? पेशंटच्या गाडीला कोण अडवत नाही."

"बंदाचं न्हवं रं. कायमचं म्हणतेय मी. दर बारीला डोकं फुटतंय. असं जगण्यापरास पडल्या जागी मरते. माझा इचार झालाय. म्हशीचं शेजारणीला सांगून ठेवलंय."

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ओरडलो, शिव्या दिल्या, शेवटी फोन तिनंच ठेवला. म्हशीची सोय लावली म्हणजे तिचा विचार खरंच पक्का होता. जिच्यापायी ती बेळगावात राहायला आली नाही, ती म्हैस तिनं दुसरीच्या हवाली केली होती.

बायको ताटावर बसून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "अहो, गुरुवारी माझंही डोकं असंच फुटत होतं. मळमळत होतं. मला कुठं डायलिसिस झालंय?"

मी तसाच खरकट्या हातानं अंगणात गेलो, व्हॅन चालू केली आणि मागं उकिडवा बसून पाइपाजवळ हात नेला. टेंगळापासनं चार बोटांवर तळहाताला गरम फुंकर लागली. हात फिरवला तर आणखी एके ठिकाणी. मागच्या दाराचं रबर जुनं, फाटलेलं, हे मला माहीत होतं. म्हणजे धूर खालनं निघत होता, फटीतनं आत शिरत होता आणि बंद काचांच्या आत आक्का तासभर तो ओढत होती. पुढं माझ्या बाजूची काच बोटभर उघडी असायची, म्हणून मी सुटलो होतो. कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नसतो, वास नसतो, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस झोपल्या जागी जातो. हे मी दर वर्षी सुरक्षेच्या धड्यात शिकवतो, परीक्षेत विचारतो.

जिनं मला भरवलं तिला मी तीन आठवडे विष देत होतो, आणि वर 'जरा सोस की' म्हणत होतो. मी अंगणातच खाली बसलो. बायको म्हणाली, "रडायचं नंतर. उद्या सकाळच्या आत काय करायचं ते बोला."

दुपारचे दोन वाजले होते. सोमवारी बंद. आमच्या सीमाभागात बंद काही नवा नाही, तो कशासाठीचा होता ते आता मला आठवतही नाही. पण बंदच्या दिवशी गाडी कोण देणार? तिघांना फोन केले. तिघांचं एकच उत्तर, "काच फुटली तर?" आयटीआयमध्ये आर्गन आहे, सीओटू आहे, सगळं आहे, पण किल्ली साहेबांकडे आणि साहेब गावाला. गॅरेजं रविवारची बंद. घरात फक्त माझं आर्कचं मशीन, आणि त्याच्याकडे बघायचीही मला लाज वाटत होती. वीस वर्षं फळ्यावर काढलेला तक्ता डोक्यात एकेक करून पुसला गेला आणि शेवटी एकच ओळ राहिली. गॅस.

पाइप काढायला तासभर गेला. बोल्ट गंजून चिकटलेले. एक तर पान्यातच तुटला. पाइप खांद्यावर टाकून मी गल्लीतनं निघालो.

मामा शेडमध्ये बिडी ओढत बसले होते. मी पाइप त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चंदेरी रंगावरनं अंगठा फिरवला. पाइपच्या एका तोंडात चिंधी कोंबली, बिडीचा एक लांब झुरका घेतला आणि दुसऱ्या तोंडानं आत धूर सोडून वर हात दाबून धरला. माझ्या टेंगळाच्या भोवतीनं धुराच्या बारीक बारीक रेघा निघाल्या. मी मोजल्या. सात होत्या. ते हसले असते तर बरं झालं असतं.

"एवढी घाई कुणासाठी हाय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. आक्का, डायलिसिस, डोकं, फोन. त्यांनी बिडी विझवली आणि उठले.

इतकं होऊनही माझ्यातला मास्तर मेला नव्हता. मी म्हटलंच, "पण मामा, पितळ उष्णतेला टिकेल का?"

"इंजनाच्या तोंडाला न्हाय टिकत. हे मागलं हाय, हितं टिकतंय. खरं मास्तर, तुम्ही येडा प्रश्न इचारालाय. कशानं जोडायचं ते मागनं. आधी जोडायला लोखंड कुठं शिल्लक हाय ते बघा की."

त्यांनी लहान हातोडीनं पाइपवर ठोकत जायला सुरुवात केली. गंजलेल्या जागी बद्द आवाज यायचा. जिथं टण्ण वाजलं तिथं त्यांनी खडूनं खूण केली. दोन खुणांमध्ये वीतभर अंतर होतं, आणि ती सगळी वीत कुजलेली. माझं सगळं वेल्डिंग त्या कुजक्यावरच होतं. आधी पत्रा बघा, असं वीस वर्षं लिहिणाऱ्या माणसानं पत्र्याला कान लावलाच नव्हता.

तेवढा तुकडा आम्ही करवतीनं कापून टाकला. आता मधे घालायला पाइप हवा. कोपऱ्यात नळाचा एक पांढरा लोखंडी पाइप होता. मी तो उचलला तर मामांनी नुसती मान हलवली आणि मी गपकन खाली ठेवला. त्यावर जस्त असतं, तापलं की त्याचा धूर छातीत जातो. एका धुरातनं सुटायला दुसरा धूर नको. शेवटी भंगारातल्या लोखंडी खाटेचा पाय मापाला बसला. दोन्ही तोंडं त्यात घट्ट सरकली. म्हणजे जोड दोन.

मामांनी गॅस पेटवायच्या आधी ऑक्सिजनच्या काट्याकडे बघितलं आणि थांबले. "मास्तर, हे एका जोडापुरतंच दिसतंय."

दुसरी टाकी मंगळवारशिवाय मिळणार नव्हती. मामा म्हणाले, "बघूया की. हात आखडता घेतो." पहिला जोड त्यांनी केला. पत्रा तांबूस होईपर्यंत ज्योत फिरवली, पितळेची सळई टाकणखारात बुडवून टेकवली, आणि पितळ तुपासारखं फटीत उतरलं. मी बघत होतो आणि काटा खाली येत होता. पहिला जोड पुरा झाला तेव्हा काटा शून्याला टेकायला आलेला.

मामांनी ज्योत विझवली आणि गॅस माझ्यापुढं धरला. "आता गडबडीचं काम हाय. म्हाताऱ्या हातानं हुईत न्हाय. तुम्ही मारा."

"मी?"

"बहीण तुमची हाय न्हवं?"

मी गॅस हातात घेतला. पुन्हा ज्योत पेटवली. चूक झाली तर दुसरी संधी नाही, आणि सोमवार चुकला तर आक्का गुरुवारी येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पत्रा तांबूस झाला. सळई टेकवली. अर्धा जोड झाला, पाऊण झाला, आणि ज्योत लांबायला लागली, पिवळी पडली, काजळी सोडायला लागली. "थांबू नगा," मामा कानाशी म्हणाले. "लोखंड तापलेलं हाय, त्येच्यावरच ओढा." मी शेवटचं बोटभर पितळ त्या तापल्या पत्र्यावरच ओढलं आणि दोन्ही टोकं मिळाली. ज्योत फडफडली, मी बंद केली.

पाइप निवल्यावर मामांनी दुसरी बिडी पेटवली. धूर आत सोडला, तोंड दाबलं. पहिला जोड कोरडा. दुसरा जोड मी तीनदा फिरवून बघितला. कुठूनच काही आलं नाही. मी मामांचे पाय धरायला वाकलो तर ते म्हणाले, "पुरं आता. जावा, पाइप बसवा. आणि त्यो कापलेला तुकडा घेऊन जावा, माझ्या भंगारात नगं."

सोमवारी सकाळी बायकोला घेऊन जांबोटीला गेलो. येऊ नको म्हटलं होतं, तरी गेलो. आक्का दारात बसली होती, घरातल्याच लुगड्यात.

"मी न्हाय म्हटलं हुतं न्हवं?"

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. टेंगूळ, धूर, सगळं. एकही शब्द गाळला नाही.

"म्हंजे माझं डोकं त्या मशीननं न्हाय, तू फोडत हुतास व्हय?"

"व्हय, आक्का."

"आणि वर माझ्यावरच वरडत हुतास."

"व्हय."

"आता नीट झालंय म्हणतोस. कशावरनं? मागल्या बारीलाबी म्हणालतास. कंपनीपेक्षा भारी."

बिडीचा धूर, पितळ, हे सगळं तिला काय सांगणार? ती उठली, आत जाऊन लुगडं बदलून आली आणि बायकोला म्हणाली, "गाडी तू चालीव. मी तुझ्या शेजारी बसतेय." आणि मला म्हणाली, "तू मागं पड. माझ्या जागेवर. काचा लावून. बेळगावपतोर तुझं डोकं न्हाय दुखलं तर मी मशीनला जाते. दुखलं तर मला हिथंच परत आणून सोडायचं, आणि परत न्यायला यायचं न्हाय."

मी मागच्या सीटवर आडवा झालो. आक्कानं स्वतः वळून मागच्या काचा बघितल्या. पाऊस होताच. तिच्या पांघरुणाला तिच्या औषधाचा वास होता. तीन आठवडे ती इथंच पडून होती, याच छताकडे बघत, आणि पुढं बसून मी तिला सोस म्हणत होतो. असं वाटलं, आता डोकं दुखलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. वाटेवरचं किणये गाव आलं. पुढनं आवाज आला, "दुखतंय का रं?"

"न्हाय."

"खरं सांग."

"न्हाय, आक्का. आईशपथ."

कपाळ मात्र भीतीनं ठणकल्यासारखं वाटत होतं. ते खरं दुखणं की मनाचं, हेच कळेना. बोटांनी कपाळ दाबून बघितलं. काही नव्हतं. बेळगावच्या अलीकडं पिरनवाडीला बंदवाल्यांनी रस्त्यावर टायर आडवे टाकलेले. चार-सहा जण गाडीजवळ आले. बायको म्हणाली, "पेशंट आहे." त्यांनी मागं वाकून माझ्याकडे बघितलं, कपाळ धरून पडलेल्या घामेजल्या माणसाकडे, आणि टायर बाजूला ओढले. आक्का पुढं ताठ बसली होती, समोर बघत.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. आक्का उतरली, मागचं दार तिनंच उघडलं आणि लहानपणी ताप बघायची तसा माझ्या कपाळावर हात ठेवला. तिचा हात गार होता आणि त्यावर सुया टोचून टोचून उठलेल्या गाठी माझ्या कपाळाला लागल्या. मला रडू आवरलं नाही.

"दुखलं?"

"न्हाय दुखलं."

"बरं, मग चल. मशीनची वेळ झाली." दोन पावलं जाऊन ती थांबली आणि न वळता म्हणाली, "गुरुवारीबी मागं तूच पडायचं."

आज सोमवार. आत्ताच तिला पोचवून आलो. मागं आजही मीच होतो.